टोपली आणि ठराव

स्वातंत्र्य हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी माणसे आणि मोठ्या सभा उभ्या राहतात. गोव्यातील आमच्या वाचकांस १८ जून १९४६ हा दिवस आठवेल. त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियाव मिनेझिस यांनी मडगावात पोर्तुगीज सरकारची सभाबंदी मोडली आणि बोलण्याचा साधा हक्क मागितला. इतर ठिकाणच्या वाचकांस दिल्ली आठवेल, राज्यघटना आठवेल, सर्वोच्च न्यायालय आठवेल. नगरपालिका मात्र कोणाच्याही मनात येणार नाही. नगरपालिका म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती, घरपट्टी आणि जन्ममृत्यूचा दाखला! तिचा आणि स्वातंत्र्याचा काय संबंध, असे आपणांस सहजच वाटते.

आम्हांसही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते. किंबहुना, एका लहानशा शहराचे नगरसेवक म्हणून आम्ही पाच वर्षे काढली, त्यांपैकी पहिली दोन वर्षेदेखील आम्ही याच समजुतीत घालविली. ती समजूत एका टोपलीने मोडली. ती हकीगत आज सांगावयाची आहे. सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण तीत दोष आमचा आहे. परंतु आमचे बहुतेक वाचक खेड्यांत राहतात आणि बाजारासाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी त्यांस शहराची पायरी चढावी लागते. तेव्हा ती त्यांच्या कानांवर घालणे बरे, असे वाटून लेखणी हाती घेतली आहे.

आमचे शहर सीमाभागातील. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी शहरे पुष्कळ आहेत. एक एस.टी.चे स्थानक, एक मोठी शाळा, एक बाजाररस्ता आणि त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या भाजीवाल्या. २०१७ सालची गोष्ट. नाताळ पंधरा दिवसांवर आला होता. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचा चौदावा विषय होता, 'बाजाररस्ता मोकळा करणेबाबत'. तेरावा विषय एका कूपनलिकेच्या जागेचा होता आणि त्यावर आम्ही सर्वांनी मिळून दीड तास वाद घातला होता. चौदावा विषय आला तेव्हा चहा यावयाचा होता. अध्यक्षांनी वाचून दाखविले, सर्वांनी हात वर केले, आम्हीही केला. अर्ध्या मिनिटाचेही काम नव्हते.

आठ दिवसांनी संध्याकाळी आमच्या ओट्यावर एक वृद्ध बाई येऊन बसल्या. आमच्या आजोळच्या गावच्या, आईच्या मैत्रीण. आम्ही त्यांस मावशी म्हणतो. शहरापासून दोन कोसांवरच्या त्या गावाहून मेथी, लाल माठ, वांगी आणि मोसमात काजूच्या ओल्या बिया घेऊन त्या आठवड्यातून तीन दिवस येत आणि जुन्या टपालकचेरीच्या भिंतीला टेकून बसत. तीस वर्षे त्यांची ती जागा होती. त्यांच्याच हातची भाजी आमच्या घरी येत असे.

आम्ही खुर्ची पुढे केली. त्या पायरीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "आज नगरपालिकेची गाडी आली होती. माझी टोपली नेली. तागडी पण नेली. लोक म्हणतात, तुझी सही होती त्या कागदावर. खरं काय रे?"

आम्ही म्हणालो, "सही नव्हे, मावशी. सभेत हात वर केला होता."

"म्हणजे तेच की."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही आत गेलो, पाचशे रुपये आणले आणि त्यांच्या पुढे धरले. त्यांनी नोटेकडे पाहिलेदेखील नाही. "पैसे मागायला नाही आले मी. भाजी गेली तर जाऊ दे. टोपली सासूबाईंची आहे, तेवढी परत आणून दे. आणि मी काय चोरी केली होती ते विचारून ये."

मावशी शेवटच्या गाडीने गेल्या. ती नोट आमच्या हातात तशीच राहिली. वाचकहो, आपण सारे दानधर्माला मागे सरणारे नाही. कोणी अडचणीत दिसला की आपला हात खिशात जातो. परंतु जिचा हक्क आपण हिरावून घेतला तिला दान देऊ पाहणे, हा तिचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे, हे त्या रात्री आम्हांस प्रथम उमगले. मावशींस दया नको होती. त्यांस त्यांची टोपली हवी होती आणि एका प्रश्नाचे उत्तर हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नगरपालिकेच्या मागच्या कोठीत गेलो. तिथे हातगाड्या एकीवर एक रचल्या होत्या. त्यांच्या खाली टोपल्या, छत्र्या, वजने, ताडपत्र्या. मेथी आणि माठ यांचा काळा चिखल झाला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. कोणाचे काय आणले याची यादी मागितली. यादी केलेली नव्हती. मावशींची टोपली एका गाडीच्या चाकाखाली सापडली. बुरडाने दाट विणलेली, काठाला वेत लावलेली ती जुनी टोपली एका बाजूने पार चेपली होती. तागडी सापडली नाही.

तेथून आम्ही मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. ते गृहस्थ सज्जन आणि कामसू होते. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढून आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "साहेब, हा २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा. सभेपूर्वी कोणी मागितला असता तर तेव्हाही दिला असता."

ती पुस्तिका आम्ही तिथेच बसून वाचली. वाचता वाचता कान तापले. संसदेने केलेला आणि १ मे २०१४ पासून अमलात आलेला हा कायदा सांगतो की, शहरातील सर्व पथविक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन त्यांस विक्रीचे प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत कोणासही उठविता येत नाही. ही पाहणी निदान पाच वर्षांतून एकदा झाली पाहिजे. तीस दिवसांची नोटीस दिल्यावाचून कोणास जागेवरून हलविता येत नाही. माल जप्त केलाच तर त्याची यादी करून तिची प्रत विक्रेत्याच्या हाती दिली पाहिजे. माल नाशवंत असेल तर मागणी येताच त्याच दिवशी सोडला पाहिजे. नाशवंत नसेल तर दोन कामकाजाच्या दिवसांत. आणि हे सारे ठरविण्यासाठी प्रत्येक शहरात एक नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे. तिच्या सदस्यांत निदान शेकडा चाळीस विक्रेते असावेत, ते विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात.

आमच्या शहरात समिती नव्हती, पाहणी झाली नव्हती, नोटीस दिली नव्हती, यादी केली नव्हती. आम्ही मुख्याधिकाऱ्यांस म्हणालो, "मग हे सारे बेकायदा झाले!"

ते किंचित हसले. "ठराव आपलाच आहे, साहेब."

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. चोरी त्यांनी केली नव्हती.

आता कोणी विचारील, भाजीची टोपली आणि नागरी स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालता? उत्तर सोपे आहे. आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदात 'राज्य' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि तीत केंद्र व प्रांत यांच्या बरोबरीने स्थानिक संस्थांचाही समावेश आहे. म्हणजे मूलभूत हक्कांचे बंधन जेवढे दिल्लीवर, तेवढेच आमच्या त्या चहाची वाट पाहणाऱ्या सभेवर. एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रस्त्याच्या कडेला बसून विक्री करणे हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, अमुकच जागा हवी असा हट्ट धरता येणार नाही; परंतु तो हक्कच नाही असे म्हणता येणार नाही. मावशींस हा अनुच्छेद ठाऊक नव्हता. आम्हांस तो ठाऊक असावयास हवा होता.

पुढील सभेत आम्ही ठराव मांडावयाचे ठरविले: कारवाई थांबवावी, समिती नेमावी, पाहणी करावी. ही वार्ता शहरात पसरली. सभेच्या आदल्या रात्री बाजारपेठेतील दुकानदार आमच्या घरी आले. त्यांस दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांत आमच्या मुलांचे शिक्षक होते, आमचे मतदार होते, अडीनडीला उधार देणारे वाणी होते. त्यांचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. रस्ता अरुंद होता. त्याच वर्षी एका बाळंतिणीची गाडी त्या गर्दीत पाऊण तास अडकून पडली होती. ते म्हणाले, "आपण आमच्यातले. आपण असे कराल असे वाटले नव्हते."

दुसऱ्या दिवशी सभेत आम्ही उठून बोलू लागलो. दोन-चार वाक्ये झाली असतील नसतील, तोच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "विषय नाजूक आहे, पुढील सभेत पाहू." आम्ही आजूबाजूस पाहिले. आणि आम्ही खाली बसलो. विषय तहकूब झाला. कोणी आम्हांस धमकावले नव्हते, कोणी हात धरून बसविले नव्हते. आम्ही आपण होऊनच बसलो. त्यानंतर कित्येक महिने त्या बाया कानोसा घेत बसत. गाडीचा आवाज आला की टोपल्या उचलून गल्लीत पळत, आणि गाडी गेली की परत येऊन बसत. मावशी त्या काळात आमच्या ओट्यावर आल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात एका नातलगाच्या लग्नासाठी कोकणात जाणे झाले. परतताना महाडला गाडी बदलावयाची होती आणि मध्ये तीन तास होते. आम्ही चवदार तळ्यावर गेलो आणि पायऱ्यांवर बसलो. शाळेत वाचलेली ती हकीगत सर्वांस ठाऊक असते. परंतु तीत नगरपालिका कोठे आहे, इकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या पुढाकाराने ठराव संमत झाला की, सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची स्थाने, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांसही खुले असावेत. त्यास अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्वांस खुले केले. केवढी मोठी गोष्ट! एका लहानशा गावच्या नगरपालिकेने, त्या काळात, कागदावर तरी, एवढे धैर्य दाखविले. परंतु ठराव कागदावर लिहिला आणि कागद दप्तरात ठेवला. जुलमाच्या भयाने तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याला हात लावला नाही, आणि तो हात सुखरूप पाण्यापर्यंत पोचावा म्हणून नगरपालिकेनेही काही केले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. नगरपालिकेनेच दिलेला हक्क त्यांनी बजावला, दुसरे काही नाही. त्याच दिवशी परत जाणाऱ्या निःशस्त्र लोकांवर गावात लाठ्या पडल्या. मग तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. आणि नगरपालिकेने काय केले? सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी काही माणसे डॉ. आंबेडकरांच्या बाजूस उभी राहिली, हे महाडला भूषणावह आहे. परंतु नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. मूळ ठराव मुंबईत संमत झाला त्या तारखेला बरोबर चार वर्षे होत होती. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार तेव्हा गावातील काहींनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. कायद्याचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी त्या वेळी तळ्याचे पाणी घेतले नाही. दावा दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही.

दहा वर्षे! जे पाणी एका सभेत दिले गेले आणि एका सभेत काढून घेतले गेले, ते परत मिळण्यास दहा वर्षे लागली. त्या दिवशी ठराव मागे घेण्यासाठी ज्यांनी हात वर केले ते सभासद कोण होते? त्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. ती माणसे राक्षस नव्हती. घरी मुलेबाळे असलेली, दुकानदारांशी, शेजाऱ्यांशी गोडीने राहू पाहणारी, आमच्यासारखीच माणसे असतील. 'गाव खवळला आहे, विषय नाजूक आहे' असेच कोणी तरी म्हणाले असेल. तळ्याच्या पायरीवर बसून आम्ही त्यांचा विचार करीत होतो आणि आम्हांस त्या सभेत आमचीही खुर्ची दिसत होती.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. एरवी घटनेसारख्या ग्रंथात तलाव कशाला यावा? परंतु माणसाचे स्वातंत्र्य पाणवठ्यावर आणि रस्त्यावरच अडते, हे ज्यांनी सोसले होते तेच ती घटना लिहीत होते.

महाडहून परतल्यावर आम्ही एका वकील मित्रास सारे सांगितले. त्यांनी आमच्या पुढे दुसरा एक निकाल ठेवला. तो रतलामचा. इंदूर, ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांस माळव्यातील हे शहर परिचयाचे असेल. तेथील एका वस्तीत उघडी गटारे तुंबत, एका मद्यार्क-कारखान्याचे दुर्गंधीचे पाणी रस्त्यावर येई, आणि शौचकूप नसल्याने गरीब लोक उघड्यावरच बसत. १९७२ च्या सुमारास तेथील रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेस उपाय करण्याचा हुकूम दिला. नगरपालिका भांडत भांडत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिचे म्हणणे काय? पैसा नाही! शिवाय हे लोक इथे राहावयास आले तेव्हा गटारे दिसत नव्हती काय?

२९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा की, माणसाची अब्रू आणि सभ्यपणे जगण्याची सोय हा मानवी हक्कांचा असा भाग आहे की त्याविषयी घासाघीस होऊ शकत नाही. नगरपालिकेच्या पैशावर पहिला हक्क त्याचाच आहे. आणि तिजोरी रिकामी आहे हे सांगून नगरपालिकेस कर्तव्यातून सुटता येणार नाही. शौचकूप बांधा, गटारे बांधा, मुदतीत बांधा.

महाडने 'लोक रागावतील' ही सबब सांगितली आणि रतलामने 'पैसा नाही' ही सांगितली. नगरपालिकांच्या ठेवणीतल्या सबबी या दोनच. आमच्या सभेनेही त्याच सांगितल्या होत्या: दुकानदार रागावतील, आणि पाहणीला माणसे कोठून आणावयाची?

आम्ही ठराव पुन्हा दिला. तोही तहकूब झाला. तेव्हा आम्ही एक गोष्ट केली, जी आधीच करावयास हवी होती. आम्ही मावशींच्या गावी गेलो आणि भाजीवाल्यांस बोलाविले. त्यांच्या पुढे ती पुस्तिका वाचून दाखविली. 'यादी', 'पावती', 'नोटीस', 'प्रमाणपत्र' हे चार शब्द त्यांनी घोकून पाठ केले. मावशी मागे बसल्या होत्या. सर्व संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सभा असते तिथे आम्ही येऊन बसलो तर चालतं काय?"

प्रेक्षकांसाठी सभागृहात बाके होती. त्यांवर कोणी बसलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. पुढील सभेला त्या बाकांवर वीस-बावीस बाया डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी बोलले नाही. त्या नुसत्या आमच्या हातांकडे पाहत होत्या. त्या दिवशी 'विषय नाजूक आहे' असे म्हणावयास कोणाचीच जीभ रेटली नाही. एक दुकानदार सभासद प्रथम उठले आणि म्हणाले, "पाहणी होऊ द्या, पण बाळंतिणीची गाडीही जाऊ द्या." ठराव संमत झाला.

समिती झाली. पाहणी झाली. समितीतील बायांनीच असे सुचविले की, सकाळी दहापर्यंत रस्त्याच्या एकाच अंगास बसावे आणि नंतर जुन्या बैलबाजाराच्या पटांगणावर जावे. रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली गेली. जे दहा वर्षे पोलीस आणि गाडी यांच्याकडून साधले नाही, ते एका चुन्याच्या रेघेने पुष्कळसे साधले, कारण ती रेघ तिच्या आत बसणाऱ्यांनी स्वतः आखली होती. सर्व काही सुरळीत झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काही जणांची नावे पाहणीत राहून गेली. त्यांचे अर्ज आमची मुदत संपली तेव्हाही पडून होते. पुढील निवडणुकीत आम्ही पडलो. ते याच कारणाने असे नाही. परंतु यामुळे मते वाढली नाहीत, हेही खरे.

वाचकहो, ही हकीगत सांगण्यात आमचा हेतू स्वतःची फुशारकी मिरविण्याचा नाही. ती मिरविण्याजोगी नाही हे आपण पाहिलेच. ज्या दिवशी कायदा मोडला गेला त्या दिवशी आमचा हात वर होता, आणि ज्या दिवशी तो सावरता आला असता त्या दिवशी आम्ही खाली बसलो. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच की, राज्यघटनेने दिलेले स्वातंत्र्य आपल्या दारापर्यंत येते ते नगरपालिकेच्या हातून. तिने राखले तर ते राहते. तिने डोळे मिटले तर दिल्लीतील मोठ्या शब्दांचा भाजीच्या टोपलीला काही उपयोग होत नाही. आणि नगरपालिका डोळे उघडे ठेवते ते बहुधा कोणी तिच्याकडे पाहत असेल तरच.

म्हणून आपल्या घरातील कोणी शहरात विकावयास बसत असेल तर त्यास या चार गोष्टी शिकवून ठेवाव्यात. माल नेला तर यादीची प्रत मागावी. भाजी, मासळी, फुले असतील तर त्याच दिवशी जाऊन मागणी करावी. पाहणी झाली आहे काय, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी कोण, हे विचारावे. तोंडी उत्तर मिळत नसेल तर २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. सर्वसाधारणपणे १० रुपये भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कोणाच्या जिवाचा वा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. आणि आपल्यांपैकी जे शहरात राहतात, नगरपालिकेस निवडून जातात, त्यांस एकच विनंती: चौदावा विषय चहापूर्वी वाचावा.

मावशी आता बाजारात येत नाहीत. गुडघे चालत नाहीत. त्यांची सून येते. विक्रीचे प्रमाणपत्र तिने मेणकापडात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवले आहे. गेल्या महिन्यात आम्ही मेथीची जुडी घेतली तेव्हा सहज विचारले, "सासूबाईंची ती टोपली कोठे आहे?" ती म्हणाली, "बुरडाकडून सरळ करून घेतली. पण बाजारात नाही आणू देत त्या. घरीच ठेवायची म्हणतात." मग थोडे थांबून, जुडी बांधता बांधता म्हणाली, "आणि तुम्हांला विचारायला सांगितलंय. तागडीचं काय झालं?"

तागडीचा अर्ज आम्ही उद्या देणार आहोत.